सव्वातीन सूत

मला बंद डबा दिसला की तो उघडून बघावासा वाटतो. ही खोड लहानपणापासूनची. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी एक डायल गेज, म्हणजे काट्यानं माप दाखवणारं उपकरण, उघडलं होतं. काटा फिरतो तो आत कशामुळे, एवढंच बघायचं होतं. ते बघून झालं, पण आतली केसाएवढी स्प्रिंग उडाली ती थेट लेथखालच्या लोखंडाच्या किसात. आमचे शेठ त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मी दोन दिवस हातात चुंबक घेऊन जमिनीवर रांगले आणि ती स्प्रिंग शोधून काढली.

त्यामुळे नव्वदचं दशक संपत आलं असताना त्र्यंबक रोडवरच्या माझ्या बसथांब्याच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तेव्हा माझी सुटका नव्हती. शिफ्ट साडेतीनला सुटायची. बस कधी यायची ते तिचं तिला माहीत. वरच्या खिडकीतून टकटक टकटक ऐकू यायचं. पंधरा दिवस मी ते खालून ऐकलं आणि सोळाव्या दिवशी जिना चढले. काय शिकायचंय, असं तिथल्या पोरानं विचारलं. मी म्हटलं, "तो ऐकतो कसा, ते." तो जरा गोंधळला आणि त्यानं मला 'सी' भाषेच्या बॅचमध्ये टाकलं. ही भाषा यंत्राच्या सगळ्यात जवळून बोलते, असं तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

तो पोरगा म्हणजेच आमचे सर. वय बावीस. मी छत्तिशीची, दोन मुलांची आई. बाकीची बॅच बारावी झालेली. पहिले दोन दिवस सर मला मॅडम म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून ताई. मी त्यांना शेवटपर्यंत सरच म्हटलं. शिकवणारा तो सर, मग त्याला अजून नीट मिशी का फुटली नसेना.

वर्कशॉपमध्ये माझं काम इन्स्पेक्शनचं. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कापायचं यंत्र; त्यावरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार नग, माझ्या टेबलावर यायचा, मी तो मोजायची. माझ्यापुढे रंगाच्या दोन डब्या, दोन बारीक ब्रश. बरोबर असला की हिरवा ठिपका, चुकला की लाल. लाल लागलेला जॉब सगळ्यांच्या देखत भंगाराच्या पेटीत टाकला जायचा. मी कडक म्हणून प्रसिद्ध होते आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बायकांना मापातलं काय कळतं असं म्हणणारे दोघे-तिघे लालच्या भीतीनं गप्प झाले होते.

म्हणूनच असेल, पहिल्या प्रोग्रॅमच्या दिवशी माझी जिरली ती चांगलीच लक्षात राहिली. पडद्यावर रोमन अक्षरांत 'नमस्कार' उमटवायचा, एवढंच काम. पाच ओळी. मी त्या फळ्यावरून उतरवून घेतल्या आणि चालवायला सांगितलं, तर यंत्रानं चार चुका काढल्या. मी तीन वेळा वाचलं, मला एक दिसेना. सर मागून आले आणि एका ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. अर्धविराम राहिला होता. तो दिला तर चारही चुका गेल्या.

"एका टिंबासाठी चार चुका?" मी म्हटलं.

"ताई, ओळ कुठे संपली तेच त्याला कळलं नाही. मग पुढचं सगळंच चुकीचं वाटायला लागलं."

सर मला समजावत होते आणि मी आतून खूश होत होते. हा तर माझाच भाऊबंद! कंपायलर म्हणतात त्याला. तुमची ओळ आधी तपासतो, पटली तर पुढे पाठवतो, नाही तर परत. चेहरा बघत नाही, वय बघत नाही. माझ्यापेक्षा कडक माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला, फक्त तो माणूस नव्हता. 'नमस्कार' उमटला तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले आणि बारावीवाल्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

आता मिस्त्रींविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्याशी येऊन अडणार आहे.

मिस्त्री आमचे सगळ्यात जुने टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे. मूळचे निफाडकडचे, पन्नाशी ओलांडलेली, तीस वर्षं एकाच लेथवर. तो लेथ इंचाचा, त्याच्या डायलवरच्या खुणा इंचाच्या आणि मिस्त्रींचं डोकंही इंचाचं. खरं म्हणजे सुताचं. एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सगळी जुनी वर्कशॉपं सुतात बोलायची. मिस्त्री तर सुताचेही तुकडे पाडत. सव्वातीन सूत, पावणेपाच सूत. नुसत्या बोटांनी लोखंडाच्या सळीला वळसा घालून ते माप सांगत आणि मी व्हर्नियर लावून बघितलं तर ते निघायचंही तेवढंच.

मग एक नवं गिऱ्हाईक आलं, त्याची ड्रॉइंगं सगळी मिलिमीटरमध्ये. काम बुशचं होतं. बुश म्हणजे जाडजूड लोखंडी कडं, आरपार भोक पाडलेलं. त्या भोकाचं माप मिलिमीटरच्या दशांशात. मिस्त्रींनी आपला हिशेब लावला: एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर थोडं. ते 'थोडं' त्यांच्या हातात होतं, कागदावर कुठेच नव्हतं, आणि मला मोजावं लागत होतं ते नेमकं तेच. पहिल्या नमुन्याच्या लॉटमधल्या अकरा बुशांना मी ओळीनं लाल ठिपका दिला. अकरावा देताना मिस्त्री समोर उभे होते. त्यांनी खिशातून विडीचं बंडल काढलं, परत ठेवलं आणि लेथकडे गेले.

संध्याकाळी शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आणखी एक लॉट बघू. तोही असाच निघाला तर मिस्त्रींनी कटिंगला जावं, लेथवर नवा माणूस बसवू. कटिंग म्हणजे करवतीच्या मशीनवर दिवसभर सळ्या कापायच्या. तीस वर्षांच्या टर्नरला तिथे बसवणं म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

त्यानंतर मिस्त्री माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, तंटा नाही. जॉब टेबलावर ठेवायचा आणि वळायचं. मला ते लागलं. मी काही खोटं मोजलं नव्हतं, पण त्यांचा लेथ जाणार होता तो माझ्या ब्रशानं.

इंचाचे मिलिमीटर करायचे तक्ते बाजारात मिळायचे. आमच्या भिंतीवरही एक तेलकट तक्ता होता. पण तो इंचाच्या दशांशात. त्यात सव्वातीन सूत कुठे शोधणार? मिस्त्री त्या तक्त्याकडे बघत ते परक्या गावच्या एसटीच्या वेळापत्रकाकडे बघावं तसे. एका दुपारी क्लासला सर म्हणाले की आता प्रत्येकानं आपल्या मनानं एक प्रोग्रॅम लिहा, आकडा विचारून उत्तर देणारा. पोरांनी मार्कांची बेरीज घेतली. मी सूत घेतलं.

सरांनी शिकवलं होतं की प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायला डबा लागतो, आणि त्या डब्यात काय ठेवणार हे आधीच लिहून द्यावं लागतं. पूर्णांकाचा डबा वेगळा, दशांशाचा वेगळा. मला हे फार पटलं. आमच्या कपाटातही प्रत्येक गेजचा खण वेगळा असतो. मी विचार केला, सूत आपण मोजतो एक, दोन, तीन असं, म्हणजे पूर्णांक. उत्तर मिलिमीटरमध्ये येणार, म्हणजे दशांश. सुताला तीन पॉइंट एक सात पाचनं गुणलं की झालं. आणि एक उत्तर दिलं की त्यानं पुन्हा विचारावं, म्हणून सगळं एका फेऱ्यात घातलं.

चाललं! आठ दिले, पंचवीस पॉइंट चार आलं. सोळा दिले, पन्नास पॉइंट आठ. आणि दशांशानंतर सहा-सहा आकडे! आमचं सगळ्यात चांगलं मायक्रोमीटर दोन आकड्यांवर थांबतं, आणि हा शून्यांची माळ लावून दाखवत होता. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन मिस्त्रींच्या लेथपाशी गेले.

"मिस्त्री, शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं माझ्याबरोबर या. एक गंमत दाखवते."

त्यांनी लेथ बंद केला नाही. "कसली गंमत?"

"तुमच्या सुताचे मिलिमीटर करणारं यंत्र."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. हात साबणानं धुऊन, टोपी नीट करून आले. क्लासच्या दारात चपला काढल्या. थंड हवेच्या खोलीत शिरताना एकदा मागे वळून त्या चपलांकडे बघितलं. पोरींनी खुर्ची दिली तर तिच्या अगदी कडेवर बसले.

"काय विचारायचं?" ते म्हणाले.

"कुठलंही सूत विचारा."

"तीन."

मी तीन दाबलं. नऊ पॉइंट पाच दोन पाच. मिस्त्रींनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वातीन टाका."

मी तीन पॉइंट पंचवीस टाकलं आणि एंटर दाबलं. पडदा वेडा झाला. नऊ पॉइंट पाच दोन पाच, नऊ पॉइंट पाच दोन पाच, नऊ पॉइंट पाच दोन पाच, खालून वर, खालून वर, थांबायचं नावच नाही. मी सगळी बटणं दाबली. शेवटी सर धावत आले आणि दोन बोटांनी कुठली तरी दोन बटणं एकदम दाबून ते थांबवलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. माणसाला बोलावून आणलं होतं मी, मोठ्या तोऱ्यात.

मिस्त्री मात्र पडद्याकडेच बघत होते. "बाई, तीन टाकलं तवा बी हेच आलं व्हतं ना?"

"हो."

"आन सव्वातीनला बी हेच. मंग माझं पाव सूत गेलं कुठं?"

मी सरांकडे बघितलं. सर हसले, पण चेष्टेनं नाही. म्हणाले, "काका, बरोबर पकडलंत. ताईंनी पूर्णांकाचा डबा केलाय. त्यानं तीन आत घेतलं. पॉइंट पंचवीस त्याला घेता येत नाही, म्हणून ते बाहेर दारातच उभं आहे."

"टाकून नाय दिलं?"

"नाही. दारातच आहे. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा दार उघडतो, पुढे तेच उभं. आत घेता येत नाही आणि ते हलतही नाही. म्हणून जुनंच उत्तर देत बसतो."

मिस्त्री खुर्चीत जरा मागे सरकून नीट बसले. "मंग त्याची काय चूक? त्याला कुनी सांगितलंच नाय का पाव असतं म्हनून."

ते मला बोलले नव्हते. पण लागलं मलाच, आणि गंमत म्हणजे बरंही वाटलं. सूत म्हणजे एक, दोन, तीन, हे मी कुठून आणलं? आठ वर्षं मी मिस्त्रींच्या तोंडून सव्वा, साडे, पावणे ऐकत होते. आणि प्रोग्रॅम तपासताना आठ दिले, सोळा दिले. अख्खे इंच दिले, ज्यांची उत्तरं मला आधीच पाठ होती. मी सुताचा डबा दशांशाचा केला. एक शब्द बदलला, बाकी काही नाही. पुन्हा सव्वातीन टाकलं. दहा पॉइंट तीन एक आणि पुढचे आकडे आले, आणि पडदा शहाण्यासारखा पुढचा प्रश्न विचारून थांबला.

"लय भारी," मिस्त्री म्हणाले. मग एकामागून एक दहा-बारा मापं त्यांनी विचारून घेतली. पावणेपाच, साडेसात, अडीच. काही उत्तरांना मान हलवत, काहींना नुसतं "असं का" म्हणत. जिना उतरताना म्हणाले, "पन हे लेथपाशी कसं नेनार?"

तो प्रश्न खराच होता. आमच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. म्हणून सोमवारी क्लासच्या प्रिंटरवर मी तक्ताच छापला. पाव सुतापासून सोळा सुतांपर्यंत, पाव-पाव सुतानं चढत जाणारा. चौसष्ट ओळी, दशांशानंतर फक्त दोन आकडे, वर शून्यांची मिरवणूक नाही. छापले ते नुसते मिलिमीटर. त्यांच्या शेजारी सुताची नावं मी हातानं लिहायची ठरवली, मराठीत, मिस्त्री बोलतात तशी. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन. क्लासच्या यंत्राला ही अक्षरं येत नव्हती आणि मला ती तशीच हवी होती.

मंगळवारी डब्याच्या सुट्टीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसून मी ती लिहिली. मध्ये कुणी ठेचा मागितला, कुणी विचारलं, कुणाची पत्रिका मांडताय का. लिहून झाल्यावर मी तक्ता तपासला. आमच्या धंद्यात तपासायची एक रीत आहे: लॉटचा पहिला नग आणि शेवटचा नग. पहिला बरोबर असला आणि शेवटचाही बरोबर असला तर मधले बरोबरच. पाव सूत, शून्य पॉइंट सात नऊ. बरोबर. सोळा सूत, पन्नास पॉइंट आठ शून्य. बरोबर. एक झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली आणि मूळ कागद शिफ्ट बदलताना मिस्त्रींच्या हातात दिला. त्या आठवड्यात त्यांची दुसरी शिफ्ट होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

बुशचा तो दुसरा लॉट बुधवारी दुपारी सुरू झाला. भोकाचं माप वीस पॉइंट सहा. मी निघाले तेव्हा मिस्त्री पहिला बुश लेथच्या पकडीत आवळत होते.

क्लासला सरांनी तक्त्याची चौकशी केली. मी झेरॉक्स दाखवली. ते म्हणाले, "नावं हातानं कशाला लिहिलीत? सुताचा आकडाही त्यालाच छापू द्या की शेजारी."

"त्याला सव्वा लिहिता येत नाही."

"पण तीन पॉइंट पंचवीस तर येतं."

हे मला सुचलंच नव्हतं. नुसत्या उत्सुकतेनं मी ती एक ओळ बदलली, पुन्हा छापलं आणि दोन कागद शेजारी शेजारी धरले. पाच, पाच. सव्वापाच, पाच पॉइंट पंचवीस. साडेपाच, पाच पॉइंट पन्नास. पुढच्या ओळीत यंत्रानं छापलं होतं पाच पॉइंट पंच्याहत्तर, आणि माझ्या अक्षरात होतं सहा. पावणेसहा मी लिहिलंच नव्हतं. तिथून सगळी नावं एकेक ओळ वर सरकली होती, आणि खाली साडेसात दोनदा लिहिलं होतं म्हणून पुन्हा रुळावर आली होती. सात ओळी चुकल्या होत्या. पहिली बरोबर, शेवटची बरोबर.

आणि वीस पॉइंट सहा नेमकं त्या सात ओळींत. त्याच्या सगळ्यात जवळचा आकडा वीस पॉइंट चौसष्ट, आणि त्यासमोर माझ्या हातानं लिहिलं होतं पावणेसात. खरं माप साडेसहा. त्या कागदावर भरवसा ठेवून मिस्त्रींनी भोक कोरलं तर ते पाव सूत मोठं होणार. भोक लहान झालं तर पुन्हा कोरता येतं. मोठं झालं की लोखंड परत भरता येत नाही. पूर्ण लॉट लाल, आणि मिस्त्री कटिंगला. या वेळी चूक त्यांच्या 'थोड्या'ची नव्हती, माझी होती.

मी सरांना काही न सांगता जिना उतरले. बसची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रिक्षात बसले आणि सातपूर येईपर्यंत एकच विचार करत राहिले, की पहिला आणि शेवटचा का बघतो आपण? हत्यार हळूहळू झिजतं, म्हणून. शेवटचा नग बरोबर असला तर मध्ये हत्यार बिघडलेलं नसतं. पण लिहिणारं माणूस हळूहळू झिजत नाही. ते मध्येच एकदा ठेच्याकडे बघतं, चुकतं आणि पुन्हा सरळ होतं. आठ वर्षं ज्या रितीचा मला अभिमान होता ती लोखंडासाठी होती, माझ्यासाठी नव्हतीच.

वर्कशॉपमध्ये पोचले तेव्हा सहा वाजत होते. मिस्त्रींच्या लेथशेजारच्या ट्रेमध्ये तयार बुश रांगेत उभे होते, मोजून चौदा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलण्याआधी मी इन्स्पेक्शनचं कपाट उघडून प्लग गेज काढलं. या गेजला दोन टोकं असतात. एक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिला बुश उचलला. एक टोक गेलं. दुसरं लावलं, अडलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा अडलं. दुसरा बुश, तिसरा. या वेळी मी पहिला आणि शेवटचा बघून थांबले नाही. चौदाच्या चौदा मोजले. सगळे बरोबर होते.

"बाई, इतक्या घाईनं आल्या?" लेथ बंद करून मिस्त्री म्हणाले. "शेठनी बोलावलं का?"

"मिस्त्री, तक्ता चुकलाय माझा. साडेसहाच्या जागी..."

"हाय ना. चुकलाय," ते म्हणाले.

त्यांनी हत्याराच्या पेटीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला माझा कागद चिकटवलेला होता. साडेपाचच्या खाली बारीक शिसपेन्सिलीनं 'पावणेसहा' लिहिलं होतं, आणि तिथून सात बाण, प्रत्येक नावाकडून खालच्या ओळीकडे. दुसऱ्या साडेसातवर काट. अक्षर थरथरतं, पण एकही बाण दुसऱ्याला शिवत नव्हता.

"सहा सुतापाशी अडलो," मिस्त्री सांगायला लागले. "सहा सूत म्हंजी पाऊन इंच, एकोनीस मिलिमीटरच्या वर. ते अठरावर कसं येईल? मंग काल रातच्याला घरी नेला अन् सगळाच तपासला. हातानं गुनून. चौसष्टच्या चौसष्ट."

"अहो, मग सांगायचं ना मला! दुपारी मी इथेच होते की."

"चारचौघांत?" एवढंच म्हणून ते चिंधीला हात पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "तुमी माझा माल तपासता. मी तुमचा तपासला, त्यात काय येवढं. आन भंगारात टाकन्यासारखा नव्हता तो. रीवर्क व्हता."

रीवर्क म्हणजे चुकलेला पण दुरुस्त होण्यासारखा नग. त्याला आम्ही रंग लावत नाही, बाजूला ठेवतो, दुरुस्त झाला की पुन्हा मोजतो. मी कागदाकडे नीट बघितलं. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. माझ्या डबीतला, माझ्याच ब्रशाचा. मी दुपारी निघाल्यावर माझ्या टेबलाशी जाऊन त्यांनी तो लावून आणला होता.

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. अकरा बुशांना मी लाल लावलं होतं सगळ्यांच्या देखत. मोजमाप बरोबरच होतं माझं, आजही मी तेच मोजेन. पण त्यांतल्या किती बुशांची भोकं लहान होती आणि किती मोठी, हे मी तेव्हा बघितलंही नव्हतं. गेज बसलं नाही की लाल, एवढंच. मिस्त्रींनी चहा सांगितला. मी ट्रे टेबलाकडे नेला आणि चौदा ठिपके देत बसले.

मी म्हटलं, उद्या नवा तक्ता छापून आणते, स्वच्छ, सुताचे आकडेही यंत्राचेच. मिस्त्री नको म्हणाले. "नव्याचं मला काय ठाऊक? हा तपासलेला हाय."

तो लॉट पास झाला. मिस्त्री लेथवरच राहिले. पुढे काही वर्षांनी आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं, तेव्हा त्याच्या सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि प्रत्येक सूचना चालवण्याआधी मी ती मिस्त्रींना वाचून दाखवायची. ते निवृत्त झाले त्या दिवशी पेटी घेऊन गेले. झाकणाच्या आतला कागद तोपर्यंत तेलानं पार पिवळा पडला होता, पण बाण दिसत होते.

माझ्याकडे राहिली ती झेरॉक्स. प्रोग्रॅमच्या माझ्या पहिल्या वहीत ती अजून आहे. तिच्यावर बाण नाहीत, ठिपका नाही. तिच्यात अजूनही सहा सूत म्हणजे अठरा पॉइंट सव्वीस.